ओम्नीचा वायपर घाटात थांबतो: मोटर आणायच्या आधी एवढं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "2006 ची मारुती ओम्नी आहे. मेढ्याहून केळघर घाट चढून महाबळेश्वरला रोज माल पोचवतो. जून लागल्यापासून वायपर हळू चालतो. पाऊस जोराचा असला की काचेच्या मध्येच उभा राहतो आणि पाच-दहा मिनिटांनी आपला आपण सुरू होतो. बंद केला तर खाली बसत नाही, वाटेल तिथं थांबतो. एका ठिकाणी दाखवली, मोटर गेलीय म्हणाले. नवीन टाकू का? घरी काही करता येईल का?"

लगेच टाकू नका. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे आणि तीस वर्षांत मारुती व्हॅनच्या वायपरच्या एवढ्या तक्रारी आल्यात की माणूस बोलायला लागला की अर्ध्या वाक्यात कळतं. तुमच्या सांगण्यावरून मोटर जिवंत आहे. मेलेली मोटर पाच मिनिटांनी आपोआप सुरू होत नाही. बऱ्याच वायपर मोटरींच्या पोटात एक छोटा ब्रेकर असतो. मोटरवर फार ओझं आलं, करंट वाढला, की तो तापून उघडतो आणि गार झाला की परत जुळतो. तुमची मोटर थांबते ती जीव वाचवायला. ओझं कुठून येतंय ते शोधायचं काम आहे, आणि दहातल्या सात-आठ जुन्या ओम्नींत ते स्पिंडलमधून येतं.

स्पिंडल म्हणजे काचेखाली पत्र्यातून वर आलेला तो बोटाएवढा दांडा, ज्याच्या डोक्यावर वायपरचा आर्म बसतो. दोन आर्म, दोन स्पिंडल. आत मोटरची गरारी, म्हणजे दातेरी चाक, गोल फिरते, तिच्यावरची कडी लिंकेला, म्हणजे दोन्ही स्पिंडलना जोडणाऱ्या दांड्याला, ढकलते-ओढते आणि लिंक दोन्ही स्पिंडलना अर्धवट डावी-उजवीकडं हलवते. स्पिंडल असतो लोखंडाचा, तो ज्या नळीत फिरतो ती नळी ओतीव पांढऱ्या धातूची. वर एक रबराची टोपी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. ती टोपी चार-पाच वर्षांत तडकते, आर्म काढताना कुणीतरी ती फेकून देतं, आणि तिथून पुढं पाणी सरळ नळीत. लोखंडाला तांबेरा चढतो, नळीच्या धातूला पांढरी भुकटी येते, दोन्ही फुगतात. मोटर बिचारी त्या गंजाशी कुस्ती खेळत बसते.

सातारा जिल्ह्यात हे मला फार स्पष्ट दिसतं. जावळी, महाबळेश्वर, पाटण, बामणोलीकडच्या गाड्या येतात त्यांचे स्पिंडल जाम असतात आणि ब्लेडचं रबर बऱ्यापैकी चांगलं असतं. दहिवडी-म्हसवडकडच्या गाड्यांचे स्पिंडल सुटे फिरतात, पण रबराची पार सुकट झालेली असते, वर्षातले दहा महिने कोरड्या काचेवर उन्हात भाजून. एकाच जिल्ह्यात एका टोकाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि दुसऱ्या टोकाला पाचशेच्या आसपास, मग वायपर तरी एकाच रोगानं कसा आजारी पडेल? तुमची गाडी मेढ्याची म्हटल्यावर माझा पहिला संशय स्पिंडलवरच.

संशय खरा की खोटा ते घरी ठरवता येतं. काचेवर तांब्याभर पाणी टाका, वायपर सुरू करा, वेग बघून ठेवा. बंद करा. आता दोन्ही आर्म काचेवरून उचलून उभे करा आणि परत सुरू करा, फार तर चार-पाच फेऱ्या. जवळ माणूस उभा ठेवा आणि काचेवर जाड फडकं टाका. आर्मची स्प्रिंग जोरदार असते, सुटून आपटला तर काच तडकते. उचलल्यावर वायपर एकदम पळायला लागला तर ओझं रबर आणि काचेचं आहे: रबर कडक झालंय किंवा काचेवर तेलकट थर आहे. उचलूनही तेवढाच हळू असेल तर ओझं आत आहे, नाहीतर मोटरला करंट पुरत नाहीये.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. गाडी उभी असताना इंजिनाचा ॲक्सिलेटर वाढवा. वायपरचा वेग लक्षात येण्याएवढा वाढला, किंवा हेडलाइट लावल्यावर एकदम मंदावला, तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरचा पट्टा बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट पाहिजेत. तेवढे असतील तर तिकडं वेळ घालवू नका. फ्यूजचंही तसंच. तो उडालेला असता तर वायपर हललाच नसता. फक्त कुणी आधी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसवून ठेवलाय का ते बघा. झाकणावर लिहिलाय तेवढाच पाहिजे. जाम वायपरवर मोठा फ्यूज म्हणजे वायरिंग जळायची तयारी.

आता खरं काम. ओम्नीला पुढं बॉनेट नाही, इंजिन सीटखाली, त्यामुळं लिंकेपर्यंत डॅशबोर्डच्या खालून उताणं पडून हात घालावा लागतो. पोट सुटलेल्या माणसानं हे काम मुलाला सांगावं. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. लिंक हातात असताना कुणी चावी फिरवून वायपर लावला तर बोट जातं. हे घाबरवायला सांगत नाही, आमच्या धंद्यात तशी बोटं मी बघितलीत.

मोटरच्या कडीवरून लिंक सोडवा. ती एका लोखंडी गोळीवर प्लास्टिकच्या बुशनं, म्हणजे छोट्या वाटीनं, दाबून बसवलेली असते. मोठा स्क्रू ड्रायव्हर मध्ये घालून हलकं उचकटलं की टक्कन निघते. कडीचा मधला नट मात्र उगाच खोलू नका. खोलावाच लागला तर कडीला एका पान्यानं घट्ट धरून मग नट सोडवा. नुसता नट पिळला की सगळा जोर आतल्या गरारीच्या दातांवर जातो, आणि ती गरारी प्लास्टिकची असते. चांगली मोटर अशीच संपवलेली मी पाहिलीय, आणि संपवणारा मीच होतो.

लिंक सुटली की दोन्ही आर्म हातानं डावी-उजवीकडं फिरवून बघा. निरोगी स्पिंडल एका बोटानं फिरतो, लोण्यातून सुरी जावी तसा. मूठ लावावी लागली तर तो जाम धरा. बहुतेक वेळा दोन्ही सारखे जाम नसतात, ड्रायव्हरच्या बाजूचा किंवा क्लीनरच्या बाजूचा एकच बिघडलेला असतो. म्हणून दोघांना वेगळं करून, एकेक तपासा. जोडलेल्या अवस्थेत हलवलं तर चांगला वाईटाला झाकतो.

हे मला शिकवलं ते माझ्या उस्तादांनी, तेही अपमान करून. मी नवीन होतो. वाईकडची एक दुधाची व्हॅन आली होती, वायपर हळू. मी मोटर बदलली. आठ दिवसांत परत आली, मोटर जळालेली. मला वाटलं माल खराब, दुसरी टाकली. पंधरा दिवसांत तीही गेली. तिसरी आणायला मी निघालो तेव्हा उस्तादांनी पान्यानं लिंक काढली, माझा हात धरून आर्मवर ठेवला आणि म्हणाले, फिरव. मला दोन हात लावून फिरवता येईना. "तुला जमेना तर त्या एवढ्याशा मोटरला कसं जमंल रं?" एवढंच बोलले. दोन्ही मोटरींचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. त्या दिवसापासून वायपरची गाडी आली की मी आधी हात लावतो, मीटर नंतर.

जाम स्पिंडलवर हातोडा नको. नळी ओतीव धातूची आहे, एका ठोक्यात चिरते, आणि स्पिंडलच्या डोक्यावरचे आटे पसरले की आर्मचा नटच बसत नाही. आधी आर्म काढा. नट सोडवल्यावर आर्म डाव्या-उजव्या बाजूनं हलवत वर घ्या; चिकटून बसला असेल तर गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. वरून स्पिंडलच्या मुळाशीही तेच तेल. सकाळी आर्म नुसता अडकवून स्पिंडल मागं-पुढं, मागं-पुढं हलवत राहा आणि मध्ये मध्ये तेल सोडा. आधी तांबूस, मग काळं पाणी बाहेर यायला लागलं की समजा तो सुटतोय.

बरेच जण इथंच थांबतात. सुटला, फिरला, झालं. पण ते तेल पातळ असतं. दोन आठवड्यांच्या पावसात धुऊन जातं आणि स्पिंडल पुन्हा धरतो. पक्कं करायचं असेल तर स्पिंडल बाहेरच काढावा लागतो. वरच्या बाजूला बारीक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, असते, ती चिमट्यानं काढा (उडते, वर फडकं धरा), खाली वॉशर कुठला कुठं होता ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि दांडा खालच्या बाजूनं ओढून घ्या. दांडा बारीक पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा, जाड कानस लावू नका, नाहीतर ढिला होऊन पाणी आणखी जाईल. नळीतली पांढरी भुकटी काडीला फडकं गुंडाळून पुसून काढा. मग बेअरिंगला लावतात ते पाण्याला टिकणारं ग्रीस भरपूर लावून परत बसवा. टोपी नवीन घाला. ती नाहीच मिळाली तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं आवळून बसवतो मी, दोन पावसाळे जातात. ते दिसायला घाण दिसतं, पण काम करतं.

लिंकेच्या टोकाचे बुश तेव्हाच बघून घ्या. ते घासले असतील तर वायपर चालताना खट्-खट् आवाज येतो आणि ब्लेड काचेच्या कडेला जाऊन आपटतं किंवा आधीच मागं फिरतं. बुश वेगळे मिळतात. दुकानदार पूर्ण लिंकच घ्या म्हणेल, दुसऱ्या दुकानात विचारा.

आता तुमची तिसरी तक्रार: बंद केल्यावर खाली न बसणं. हिचा आणि जाम होण्याचा संबंध असेलच असं नाही. बटण बंद केलं की करंट तुटतो आणि वायपर थांबतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं असतं तर तो रोज कुठंही थांबला असता. खरं तर बटण बंद केल्यावरसुद्धा मोटरला दुसऱ्या वाटेनं करंट मिळत राहतो. मोटरच्या गरारीवर एक तांब्याची तबकडी असते आणि तिच्यावर पत्तीचे दोन-तीन पाय टेकलेले असतात. ब्लेड खाली येईपर्यंत तबकडीतून करंट चालू. ब्लेड बसायच्या जागेवर आलं की तबकडीतली खाच येते, करंट तुटतो आणि त्याच क्षणी मोटरची ती तार अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला, जोडली जाते. म्हणजे मोटर स्वतःलाच शॉर्ट करते. फिरती मोटर तेव्हा डायनॅमोसारखी वागते आणि स्वतःच्याच करंटनं जागच्या जागी आवळली जाते. ब्रेक मारल्यासारखी.

एवढं लक्षात आलं की बिघाड वायपरच स्वतःहून सांगतो. बटण बंद करताच जिथल्या तिथं मरत असेल तर पार्किंगच्या वाटेनं करंटच येत नाही. चावी चालू, बटण बंद, ब्लेड काचेच्या मध्ये, अशा वेळी मोटरच्या कपलरवर (तारांच्या जोडावर) पार्किंगच्या तारेला 12 व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तबकडीची पत्ती काळी पडलीय किंवा तार तुटलीय. दिसत असतील आणि तरी थांबत असेल तर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच बघा. आणि बंद केल्यावर ब्लेड खाली येऊन, न थांबता परत वर जात असेल तर करंट येतोय पण ब्रेक लागत नाहीये, म्हणजे अर्थ कच्चा. तुम्ही "वाटेल तिथं" लिहिलंय, त्यामुळं पहिलं धरून चाला. पण एक शक्यता अशीही आहे की पत्ती बरी आहे आणि जाम स्पिंडलमुळं मोटर मंदगतीवर तेवढं ओढू शकत नाही. म्हणून आधी स्पिंडल, मग पत्ती. उलट्या क्रमानं गेलात तर मोटर विनाकारण खोलाल.

अर्थचं बोललो तर थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं शिकलेले मेकॅनिकसुद्धा फसतात. टेस्ट लॅम्प लावतात, लॅम्प लागतो, "करंट बरोबर आहे" म्हणतात. लॅम्पला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, गंजलेल्या नटातूनही तेवढा करंट सहज जातो. वायपरला ओल्या काचेवर तीन-चार अँपिअर लागतात, अडला की दहाच्या वर. त्या वेळी तोच गंजलेला नट वाट अडवतो. म्हणून मीटर लावायचा तो वायपर चालू असताना, ओझ्याखाली. मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल सळई मोटरच्या लोखंडी बॉडीवर. 0.2-0.3 व्होल्ट असेल तर ठीक. एक-दीड व्होल्ट दाखवला तर तेवढे व्होल्ट अर्थमध्येच वाया चाललेत. मोटर ज्या पत्र्यावर बसलीय तिथं गंज असतो किंवा गाडी रंगवताना कुणीतरी नटाखाली रंग मारलेला असतो. रंग खरवडून लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर घाला, नट आवळा आणि वर व्हॅसलिन चोपडा. रंगवलेल्या जुन्या व्हॅन घेतात त्यांनी हे मनावर घ्यावं. सेकंडहँड बाजारात ओम्नी चकचकीत करून विकतात आणि त्या चकचकीमध्ये तिचे सगळे अर्थ मेलेले असतात.

मोटर खोलायचीच वेळ आली तर स्वच्छ कागद पसरून त्यावर खोला. आतले मॅग्नेट सिरॅमिकचे असतात, घट्ट बसलेली बॉडी ठोकून काढायला गेलात तर मॅग्नेटच फुटतो. गरारीवरचं जुनं ग्रीस मेणासारखं कडक झालेलं असतं. ते खरवडून काढा, नवीन घाला, पण बेतानं, नाहीतर आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या गाभ्याच्या) तांब्यावर पसरून त्याला करंट देणारे कार्बन खराब होतात. तांबं काळं असेल तर बारीक पेपरनं पुसा, फटींतली काजळी सुईनं काढा. तबकडीच्या पत्त्या किंचित वर वाकवा म्हणजे दाब धरेल. कार्बन तीन असतात: एक सामाईक, एक कमी वेगाचा आणि एक जरा तिरका बसवलेला, जास्त वेगाचा. म्हणूनच कधी कधी जास्त वेगावर वायपर चालतो आणि कमीवर मरतो. तेव्हा मोटर नाही, एक कार्बन संपलेला असतो. कार्बन वेगळे मिळतात, गल्लीतला वाइंडिंगवाला बसवून देतो. गरारीचे दात गेलेले दिसले किंवा आर्मेचरला जळका वास आला, तर मात्र नवीन मोटर. ओम्नी 2019 ला बंद झाली तरी पार्टची कमी नाही, 1984 पासून चालत आलेली गाडी आहे ती.

जोडताना एक चूक सगळेच करतात. लिंक बसवून, आर्म न लावता आधी बॅटरी जोडा, वायपर सुरू करून बंद करा, मोटरला तिच्या बसायच्या जागी येऊ द्या. मगच आर्म घाला, ब्लेड काचेच्या खालच्या कडेला टेकतील असे. आर्म आधी बसवून मग चालवले तर एक ब्लेड कुठल्या कुठं जाऊन खांबावर आपटतं, किंवा दोघं एकमेकांत अडकतात. आर्मच्या आतले दाते झिजले असतील तर नट आवळूनही आर्म घसरतो. त्यात तांब्याच्या तारेचे दोन केस घालून आवळायचा जुगाड सगळे करतात, मीही केलाय. मेढ्याच्या रस्त्यावर चालेल. महाबळेश्वरच्या धुक्यात केळघर घाट चढताना मला तो चालणार नाही. आर्म नवीन घ्या.

रबराचं थोडक्यात. नवीन ब्लेड टाकूनही काचेवर थरथरत उड्या मारत असेल तर आर्म पिळलेला आहे. रबर काचेला काटकोनात टेकलं पाहिजे, म्हणजे जाताना एका अंगाला आणि येताना दुसऱ्या अंगाला झुकतं. आर्मचं टोक पकडीनं फडक्यावरून किंचित पिळून सरळ करा. काच भांड्याच्या साबणानं धुऊन घ्या. पुढच्या ट्रकचा डिझेलचा धूर आणि डॅशबोर्डच्या पॉलिशचा थर नुसत्या पाण्यानं जात नाही.

तोवर घाटात अडलात तर? जुने ड्रायव्हर काचेवर बाहेरून तंबाखू ओली करून चोळायचे, शॅम्पूची पुडीही चालते. थेंब जमून बसत नाहीत, पाणी पसरून वाहून जातं आणि थोडा वेळ दिसतं. तेवढ्यावर कडेला सुरक्षित जागा गाठायची, घाट उतरायचा नाही. आणि पासिंगला जायचं असेल तर वायपर चालू पाहिजेच, केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 101 वा नियम त्यासाठीच आहे. खासगी नोंदणीच्या गाडीला पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी पाचच वर्षांची मिळते, तुमची गाडी आता त्याच वयात आहे.

या रविवारी फक्त लिंक सोडवून दोन्ही आर्म फिरवून बघा आणि कुठल्या बाजूचा जड लागतो ते कळवा. दोन्ही बोटानं फिरले तर मीटर घेऊन अर्थ मोजा आणि तो आकडा सांगा.